सैल गाठ

मुंबईच्या कोटात ६ जून १८३२ रोजी जी दंगल उसळली तिच्या मुळाशी ना एखादे धर्मस्थळ होते, ना धान्याचा भाव. मुळाशी होते रस्त्यावरचे कुत्रे. उन्हाळ्याच्या महिन्यांत मोकाट कुत्री मारून टाकावीत असा कंपनी सरकारचा नियम होता आणि एका कुत्र्यामागे मारणाऱ्याला आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई ओट्यांवरची, कुणाच्या दारात वाढलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले, तेव्हा पारशी समाजाने त्यांना अडवले. दुसऱ्या दिवशी कोटातील दुकाने उघडली नाहीत, पलटणीकडे जाणारा शिधा अडला. त्या बंदमध्ये पारशांच्या जोडीला हिंदू आणि जैन व्यापारीही होते.

या प्रकरणाला दोन वर्षे होतात न होतात तोच, १८३४ साली, भुलेश्वराजवळ मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीशा हे तिचे प्रवर्तक. शत्रुंजयावर कुंतासरची दरी भरून ज्यांनी टूक उभारली, ज्यांनी बांधलेले भायखळ्याचे देरासर आजही मुंबईकर जैनांचे श्रद्धास्थान आहे, तेच हे मोतीशा. दोघे चीनच्या व्यापारातील भागीदार. तो व्यापार कापसाचा होता तसा अफूचाही होता. दानशूरांचे चरित्र सांगताना ही गोष्ट गाळली जाते, ती गाळू नये. पण दुसरी एक गोष्टही तितकीच खरी आहे. पांजरापोळीच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लागा बसवून घेतला आणि माल हलला की जीवदयेचा वाटा आपोआप बाजूला पडू लागला. आज पांजरापोळ म्हटले की गाईला चारा घालणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. ती संस्था उभी राहण्यामागे कुत्र्यांचा जीव होता, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

मारणाऱ्याच्या हातातून जीव सोडवला की अहिंसेचे काम संपले, अशी समजूत मात्र शास्त्रकारांनी करून दिलेली नाही. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत वध आहे, अंगच्छेद आहे, अतिभार लादणे आहे, अन्नपाणी रोखणे आहे. आणि त्याच पंक्तीला 'बंध' आहे. जिवाला बांधून, कोंडून ठेवणे हाही अतिचार. प्रतिक्रमणात दर पंधरवड्याला हा शब्द उच्चारला जातो आणि बहुधा तसाच पुढे सरकतो. टीकाकारांनी मात्र त्यावर थांबून विचार केला आहे. व्यवहार करणाऱ्या श्रावकाला गुरे बांधावी लागणार हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी बंधाचे प्रकार पाडले. निष्कारण बांधणे एक, सकारण बांधणे दुसरे. आणि सकारण बांधतानाही दयेची अपेक्षा राखून बांधणे वेगळे आणि निर्दयपणे आवळणे वेगळे. दयेने बांधलेल्या दोराची खूणही त्यांनी सांगून ठेवली: गाठ सैल असावी, म्हणजे आग लागली तर जनावराला सोडवता येईल. गोठ्यात उभे राहून, हातात दोर घेऊन लिहिल्यासारखा हा तपशील आहे.

आजच्या कुत्र्यांच्या निवाऱ्याला ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. त्यासाठी फार लांब जाण्याचेही कारण नाही.

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोखिवरे लागते. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर. २००३ पासून तो अभयारण्य आहे. त्याच्या पायथ्याशी भोयदापाड्याला महापालिकेची कचराभूमी, आणि मध्ये ओळीने औद्योगिक वसाहती. कुठे पुठ्ठा, कुठे प्लॅस्टिक, कुठे स्टीलचे सुटे भाग. कचराभूमी आणि गाळे जिथे शेजारी असतात तिथे कुत्रे असणारच. रात्री शटर खाली आले की त्या गल्ल्यांचे खरे रहिवासी तेच.

अशाच एका वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एका ओसवाल कुटुंबाचा गाळा आहे. कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातले, दोन पिढ्यांपासून वसईत. त्यांच्या गाळ्याच्या पायरीवर एक तांबूस रंगाचा कुत्रा सकाळी मुनीमजींच्याही आधी हजर असे, म्हणून कामगारांनी त्याचे नाव मुनीम ठेवले होते. खरे मुनीमजी या नावाने प्रथम रुष्ट झाले. पुढे डब्यातली एक पोळी तेच त्याच्यासाठी राखू लागले. एका संध्याकाळी माल भरून मागे येणाऱ्या टेम्पोखाली मुनीमचा मागचा पाय सापडला. पाय काढावा लागला. तीन पायांचे जनावर टेम्पोंच्या गल्लीत जगणार नाही, असे पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा सात गाळेवाल्यांनी महिन्याची वर्गणी ठरवली आणि महामार्गापलीकडच्या एका निवाऱ्यात त्याची सोय केली. पैसे वेळेवर जात राहिले. कुणाच्या मनाला टोचणी राहिली नाही.

पर्युषणात जीवदयेची टीप झाली, तेव्हा या कुटुंबातील कर्ते गृहस्थ निवाऱ्याची रक्कम स्वतः घेऊन गेले. चार महिन्यांनी ते मुनीमला पाहत होते. निवारा वाईट नव्हता. फरशी धुतलेली, पाण्याची भांडी भरलेली, जखम पूर्ण भरून आलेली. पण पत्र्याच्या छपराखाली चाळीसेक खण, आणि एक भुंकला की चाळीस भुंकणार. अशा निवाऱ्यांतला आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो हे मोजून पाहिलेले आहे. पुठ्ठ्याच्या कारखान्यातली यंत्रेही एवढी गर्जत नाहीत, आणि ती संध्याकाळी बंद तरी होतात. मुनीम आपल्या खणात तीन पायांवर गोल गोल फिरत होता. एकाच दिशेने, एकाच रेषेवरून. आवाज बसला होता. गृहस्थांनी हाक मारली तेव्हा तो थांबला नाही.

निवाऱ्यातला सेवक म्हणाला, "शेठ, खाण्यापिण्याची ददात नाही इथं. याला झोप नाही. एक दिवस बाहेर काढा, झोपू द्या."

सेवकाने जे अनुभवातून सांगितले ते पाश्चात्त्य संशोधकांनी मोजमाप करून तपासले आहे. अमेरिकेत लिसा गंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच निवाऱ्यांतील २०७ कुत्र्यांचा अभ्यास केला; तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या घरी पाठवायचे, आणि आधी, मुक्कामात व परतल्यावर त्यांच्या मूत्रातील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक, मोजायचे. घरच्या मुक्कामात ते उतरले. अखंड विश्रांतीचा काळही तिथेच सर्वांत लांबला. निवाऱ्यात परतल्यावर कॉर्टिसोल पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेले. पण त्या पातळीच्या वर गेले नाही. या शेवटच्या निष्कर्षाकडे पुढे यायचे आहे.

त्याच संशोधकांनी पुढे २०२१ मध्ये थोड्या तासांच्या सहलींचा अभ्यास केला, आणि तिथे निकाल वेगळा आला. दोन-अडीच तास बागेत किंवा बाजारात हिंडवून आणलेल्या कुत्र्यांचा ताण कमी झाला नाही. उलट त्या वेळेपुरता थोडा वाढला. मोटारीचा प्रवास, अनोळखी रस्ता, नवी माणसे यांनी जीव उत्तेजित होतो, निवत नाही. म्हणजे सुट्टी या शब्दाने माणसाला जे सुचते ते कुत्र्याला हवे असेलच असे नाही. मुलांना मजा यावी म्हणून कुत्र्याला चौपाटीवर नेणे ही मुलांची सहल झाली. अर्थात अशा सहलींना अजिबात फळ नाही असेही नव्हे. २०२३ च्या अभ्यासात दिसले की सहलीला गेलेले कुत्रे दत्तक जाण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे पाचपट होती, आणि घरी मुक्कामाला गेलेल्यांची चौदापट. पिंजऱ्यातला गुरगुरणारा प्राणी सतरंजीवर पसरलेला दिसला की लोकांचे मत बदलते. हवाई बेटांतील काउआईच्या निवाऱ्यातून तर सुट्टीवर आलेले पर्यटकही एका दिवसासाठी कुत्रा बरोबर नेतात.

गोखिवऱ्यात पर्यटक येत नाहीत. प्रश्न होता, मुनीमला न्यायचे कुठे. अभयारण्यात पाळीव कुत्रा नेणे योग्य नाही. तिथल्या वन्य जिवांना त्याचा उपद्रव आणि रोगाचा धोका, आणि बिबट्याच्या मुलखात त्यालाही भय. घरी न्यावे तर सदनिका पाचव्या मजल्यावर, घरात घरदेरासर. कुटुंबातील वृद्ध मातोश्रींचा, ज्यांना सारे घर 'बाई' म्हणते, स्पष्ट नकार होता. "जीवदया करा, कोण नाही म्हणतो? पण देवाचं घर आहे, सोवळं सांभाळायला नको? आणि महाराजसाहेब गोचरीला आले तर?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दारातल्या कुत्र्याला, वासराला ओलांडून साधूने गोचरीसाठी आत शिरू नये असा दंडक दशवैकालिक सूत्रातच आहे. त्या दंडकात दारातल्या जनावराला त्रास न देण्याची काळजी आहे, हे खरे. तरी अडचण ती अडचणच.

शेवटी गाळाच ठरला. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कामगार गेल्यावर मुनीमला आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी सायंकाळी परत पोहोचवायचे. रात्री कुणीतरी सोबत राहायला हवे होते. पहिल्या रात्री गृहस्थ स्वतः राहिले. पंचवीस वर्षांपूर्वी गाळा घेतला तेव्हा वडिलांबरोबर ते याच गाळ्यात पुठ्ठ्याच्या थप्पीवर झोपत. त्यानंतर ही पहिलीच वेळ. मुनीम आत आल्यावर पाऊण तास हुंगत फिरला. स्टिचिंग मशीनखाली, पेस्टिंगच्या पिंपाजवळ, मुनीमजींच्या खुर्चीपाशी. मग तो कापलेल्या पुठ्ठ्याच्या ढिगावर चढला, दोनदा वळला आणि आडवा झाला. गृहस्थांना वाटले, फेऱ्या पुन्हा सुरू होतील. त्या सुरू झाल्या नाहीत. रात्री साडेनऊला झोपलेला कुत्रा सकाळी सातला पाणी प्यायला उठला, बाहेर जाऊन आला आणि पुन्हा दुपारपर्यंत झोपला. मधून पाय हलत होते. जो पाय नव्हता त्याचा खुबाही हलत होता. त्या दिवशी बाकी काही घडले नाही.

संध्याकाळी परत नेताना मात्र घडले. निवाऱ्याचे फाटक दिसताच मुनीम मोटारीच्या आसनाखाली शिरला आणि त्याला उचलून आत न्यावे लागले. घरी येऊन गृहस्थ जेवले नाहीत. बाईंनी विचारले तेव्हा सगळे सांगितले. बाई म्हणाल्या, "मग हे पुण्य कसलं? सुख दाखवायचं आणि पुन्हा कोंडायचं. त्यापेक्षा न दाखवलेलं बरं."

या वाक्याला सहज उत्तर नाही, आणि जे देतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. संशोधनाचे उत्तर मर्यादित आहे: परतल्यावर ताण पूर्वीपेक्षा वाढत नाही, पूर्वीइतकाच होतो. म्हणजे सुट्टीने नुकसान झाले नाही. दीड दिवसाची झोप मात्र मिळाली, ती निव्वळ जमेची. व्यापाऱ्याला हा हिशेब कळतो. पण आसनाखाली शिरलेल्या जनावराची नजर त्या हिशेबात येत नाही. बाईंचा आक्षेप टिकतो तो तिथे. त्या आक्षेपाचे खरे उत्तर निवाराच मोकळा, मोठा, शांत करणे किंवा प्रत्येक कुत्र्याला घर मिळणे हेच आहे. आणि ते होईपर्यंत खणातल्या कुत्र्याने जागेच राहावे काय, हा प्रश्न उरतो. टीकाकारांनीही बांधूच नका असे म्हटले नव्हते. बांधावे लागलेच तर गाठ कशी असावी एवढेच सांगितले.

समाजात जीवदयेला पैसा कमी पडत नाही. पांजरापोळींच्या भिंती दात्यांच्या नावांनी भरल्या आहेत. कायमी तिथ्या लिहिल्या जातात, पुण्यतिथीला चारा, वाढदिवसाला औषध. हे थोर आहे. तरी त्या फलकांवर एक तिथी कुठेच दिसत नाही: अमुक शेठजींनी अमुक दिवशी एका कोंडलेल्या जिवाजवळ आठ तास बसण्याचे ठरवले आहे. धनादेशाने तासांची भरपाई होत नाही, आणि सेवकाकडे चाळीस खणांमागे तास उरत नाहीत.

ही बाब येत्या काळात लहान राहणार नाही. २०२३ च्या श्वान निर्बीजीकरण नियमांप्रमाणे पकडलेला कुत्रा शस्त्रक्रिया व लसीकरणानंतर मूळ जागीच सोडायचा असतो. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो सौम्य केला. पण ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री उचलावीत आणि पुन्हा तिथे सोडू नयेत असे देशभरासाठी सांगितले. चावलेल्या मुलांच्या आईबापांचे दुःख खरे आहे. रेबीज एकदा उलटला की माणूस वाचत नाही. परंतु या आदेशांचा अर्थ असा की अनेक कुत्र्यांचे उरलेले सारे आयुष्य आता खणात जाणार. तिथे त्यांना कुणी मारणार नाही. १८३२ चा प्रश्न सुटला; बंधाचा आता सुरू होतो.

सुट्टी देणाऱ्यांनी काही व्यवहारही सांभाळावे लागतात. कुत्र्याचे रेबीजचे लसीकरण झाल्याचा कागद निवाऱ्याकडून पाहून घ्यावा. गळपट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही असावेत, कारण घाबरलेला कुत्रा एका पट्ट्यातून सहज निसटतो. वैशाखात दुपारी डांबरावर चालवू नये. हाताची पालथी बाजू पाच क्षण टेकवून पाहावी. दिवाळीच्या फटाक्यांत बाहेर काढूच नये. नख किंवा दात लागला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. लाज वाटून लपवू नये.

आणि आहार. जैन घरांना इथे संकोच वाटतो, पण एका दिवसापुरता तो अनाठायी आहे. माणसाच्या सहवासात कुत्र्याच्या शरीरात पिष्ट पचवणाऱ्या जनुकांच्या प्रती लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढल्या, हे २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. भात, पोळी, दही, पनीर त्याला पचते. कायमचा शाकाहार द्यायचा तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने समतोल साधावा लागतो, तो वेगळा विषय. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात; त्यांनी त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. तेव्हा जैन स्वयंपाकघर त्याच्यासाठी इतर अनेक स्वयंपाकघरांपेक्षा निर्धोक! शिऱ्यातील किसमिस तेवढी वेचून काढावी. तीही त्याला घातक.

बाईंचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. त्यांनी मत बदलल्याचे कधी जाहीर केले नाही. पण पतीच्या पुण्यतिथीला, देरासरातून परतताना, त्यांनी मोटार गाळ्याकडे वळवायला सांगितली. त्या दिवशी मुनीम तिथे होता. बाई मुनीमजींच्या खुर्चीवर बसल्या, माळ काढली आणि एक, दोन, तीन माळा पुऱ्या केल्या. कुत्रा खुर्चीपासून चार हातांवर झोपला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही, त्यानेही डोळे उघडले नाहीत. निघताना सुनेला एवढेच म्हणाल्या, "पुढच्या तिथीला मी येईन. मला दुपारची वेळ लिही."

आता त्या सात गाळ्यांत वही ठेवलेली आहे. लागा लिहितात त्याच प्रकारची, लाल कापडी बांधणीची. नाव, तारीख, आणल्याची वेळ, परत नेल्याची वेळ, किती तास झोपला. दोन गाळेवाल्यांनी वर्गणी वाढवून दिली आणि वेळ देण्यास नकार दिला. त्यांची नावेही वहीत आहेत, वेगळ्या पानावर. मुनीमची पाळी महिन्यातून दोनदा लागते. उरलेले दिवस तो खणातच असतो आणि सेवक सांगतो त्याप्रमाणे परतल्यानंतरचे दोन-तीन दिवस फेऱ्या कमी असतात, मग पुन्हा वाढतात. गेल्या महिन्यात सेवकाने शेजारच्या खणातल्या एका आंधळ्या कुत्रीसाठीही विचारून पाहिले. तिला यंत्रांमध्ये सांभाळणे कठीण, असे काहींचे म्हणणे पडले. मुनीमजी म्हणाले की सुट्टीच्या दिवशी यंत्रे बंदच असतात. यावर अजून निर्णय झालेला नाही.